काकांचा मंदाग्नी

खोली बघायला गेले त्या दिवशी काकांनी मला नाव, गाव, पगार यांतलं काही विचारलं नाही. सोफ्यावर बसवलं. "पाणी देण्यात यावं," असं आतल्या दिशेला तोंड करून म्हणाले. काकूंनी पाणी आणून दिलं. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला एकच प्रश्न केला.

"तुला कसली घाई असते का?"

मला त्या आठवड्यातच कुठेतरी राहायला जाणं भाग होतं. पवईला ऑफिस, चिपळूणहून आणलेल्या दोन बॅगा मैत्रिणीच्या पलंगाखाली, आणि मैत्रिणीची सासू यायच्या बेतात. पण मी म्हटलं, "नाही हो काका, कसली घाई!"

"मग ठीक आहे. घाईची माणसं आमच्याकडे टिकत नाहीत."

अशी मी मुलुंड पूर्वेच्या त्या घरात पेइंग गेस्ट म्हणून शिरले आणि काही वर्षं टिकले.

काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. खातं कुठलं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. तिथे फायली येत, राहत आणि यथावकाश जात, एवढंच त्यांच्या बोलण्यातून कळायचं. आपल्या टेबलावरून एकही फाईल कधी कच्ची बाहेर गेली नाही, याचा त्यांना फार अभिमान. "फाईल आणि हरभरा," ते म्हणत, "दोन्हीला घाई केली की पुढे कोणाच्या तरी दाताखाली येतात." लोक म्हणे त्यांच्या कचेरीत हेलपाटे घालून थकत. काकांच्या मते ते थकत नसत, मुरत.

नोकरी सुटली पण नोकरीची भाषा सुटली नाही. घरातला बल्ब गेला तर "बल्बबाबत कार्यवाही सुरू आहे" असं ते सांगत आणि काकू स्टुलावर चढून बल्ब बदलत. गॅस बुक करण्यात येई, दूध तापवण्यात येई, कपडे वाळत घालण्यात येत. त्या घरातली सगळी कामं अशी आपोआप होत. काकू त्या वेळी तिथे असायच्या, हा निव्वळ योगायोग.

काकू अजून नोकरीत होत्या. घाटकोपरच्या एका बँकेत अधिकारी. सकाळी डबे भरून निघायच्या, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन यायच्या आणि चप्पल काढता काढता कुकरला हात घालायच्या. त्या बोलायच्या कमी. म्हणजे बोलायची संधी कमी होती.

कॅनडातल्या मुलाला हे सगळं व्हिडिओ कॉलवर दिसायचं. एकदा आई पीठ मळत मळत त्याच्याशी बोलतेय हे बघून त्याने तिथूनच ऑनलाइन मागवून एक स्लो कुकर घरी पाठवला. विजेवर चालणारं, आत मातीसारखं जड भांडं असलेलं, काचेच्या झाकणाचं यंत्र. "आई, सकाळी सगळं आत टाकायचं, बटण लावायचं आणि ऑफिसला जायचं," तो म्हणाला. "आलीस की गरम जेवण तयार. तेल नको, मसाले नकोत, एकदम हेल्दी. तुला जरा बसता येईल गं."

काकू हसल्या. "बघू," म्हणाल्या.

पण बघितलं काकांनी. यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक त्यांनी दोन दिवस वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारल्या, आणि तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बसले ते बदललेला माणूस होऊन. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. आयुष्यभर ज्या तत्त्वासाठी त्यांनी जनतेच्या शिव्या खाल्ल्या, त्याच तत्त्वावर चालणारं यंत्र परदेशात बनवतात, लोक ते पैसे देऊन विकत घेतात!

"बघ," ते मला म्हणाले, "जग शेवटी आमच्या वळणावर आलं."

स्लो कुकर हे नाव त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी त्याचं नाव 'मंदाग्नी' ठेवलं. तळमजल्यावर ज्यांचा दवाखाना होता त्या डॉक्टर मॅडमनी जिन्यात सांगून पाहिलं, "काका, अहो मंदाग्नी म्हणजे भूक न लागण्याचा आजार ना!" काका म्हणाले, "तो तुमच्या शास्त्रात." विषय संपला.

त्या दिवसापासून आठवड्याचे पाचही वार मंदाग्नीचे झाले. सोमवारी मूग, मंगळवारी दुधी घालून चणाडाळ, बुधवारी राजमा, गुरुवारी मिश्र भाज्यांचं काहीतरी, शुक्रवारी ज्वारीची नाहीतर बार्लीची खिचडी. पदार्थ वेगवेगळे, पण संध्याकाळी झाकण निघे तेव्हा सगळ्यांचा रंग एकच, जुन्या फाईलच्या पुठ्ठ्यासारखा. चव वाईट नसे. पौष्टिक असे. पण जेवताना डोळे मिटले तर आज सोमवार की गुरुवार ते सांगता आलं नसतं.

"आज काय आहे, काका?" मी निघताना विचारायची.

"संध्याकाळी कळवण्यात येईल."

कुकरची शिट्टी हा त्यांचा खास शत्रू. शेजारच्या घरात शिट्टी वाजली की ते डोळे मिटून घेत. "शिट्टी कोण वाजवतं? ट्रॅफिक पोलीस आणि टवाळ पोरं. अन्नाने का वाजवावी?" घरातला प्रेशर कुकर त्यांनी माळ्यावर टाकण्याचा आदेश काढला होता. काकूंनी तो ओट्याखालच्या कप्प्यात, मोठ्या परातीमागे ठेवला.

हे मला कळलं कारण मला सकाळी लवकर जाग यायची. काका पहाटे चालायला बाहेर पडायचे, बागेत मंडळींबरोबर जगाच्या घाईवर बोलायचे आणि दूध घेऊन सावकाश परत यायचे. तेवढ्या वेळात ते स्वयंपाकघर म्हणजे कारखाना. काकूंनी रात्रीच लसूण सोललेली असायची, कडधान्य भिजवलेलं असायचं. सकाळी भाज्या चिरून व्हायच्या, कांदा परतून व्हायचा, आणि परातीमागचा कुकर बाहेर येऊन राजम्याला, चणाडाळीला चांगल्या शिट्ट्या दिल्या जायच्या. मग सगळं वेगवेगळ्या वाट्यांत काढून, कुकर घासून, पुसून, पुन्हा परातीमागे. काका आले की हात धुऊन त्या वाट्या एकेक करून मंदाग्नीत रिकाम्या करत, वर पाणी ओतत आणि बटण फिरवत. मग दोन पावलं मागे सरून त्या भांड्याकडे बघत, जसं सही केल्यावर कागदाकडे बघावं तसं.

"काकू, हे काय?" मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं. "मग त्या भांड्याचा उपयोग काय?"

"अगं, उपयोग कसा नाही? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते ओट्यापर्यंत आलेत," काकू कुकर पुसत म्हणाल्या. "तू काही बोलू नकोस हं. त्यांना वाटतंय ना त्यांनी केलं, वाटू दे."

मुलाने भांडं पाठवल्यापासून काकू पूर्वीपेक्षा लवकर उठत होत्या. संध्याकाळी मात्र खरंच थोडा वेळ मिळायचा. त्या वेळात काका त्यांना समोर बसवून मंदाग्नीमुळे वाचणाऱ्या वेळाचं महत्त्व सांगायचे.

महिला दिनाला सोसायटीच्या सेक्रेटरींना फुकटचा वक्ता हवा होता. काकांना श्रोते हवे होते. तळमजल्याच्या हॉलमध्ये फळ्यावर रंगीत खडूंनी लिहिलं गेलं : 'नोकरदार महिलांसाठी सोपा व पौष्टिक आहार'. बायका ऑफिसहून थेट आल्या होत्या, काहींच्या मांडीवर पर्स, काहींच्या मांडीवर पोरं. टेबलावर मंदाग्नी ठेवला होता, त्याला फुलांचा हार. मागच्या बाजूला काकू मसूर-पालकाची आमटी लहान वाट्यांत भरत होत्या.

काका रंगात आले होते. "भगिनींनो, तुम्ही घाई करता. का करता? विनाकारण! माझ्या पद्धतीत कामच नाही. बघा. भाज्या चिरलेल्या असतात. लसूण सोललेली असते. कडधान्य भिजलेलं असतं. हे सर्व भांड्यात घालण्यात येतं. बटण. झालं! खुशाल कामावर जा."

डॉक्टर मॅडम दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी हात वर केला. "काका, एक सांगा ना. भाज्या चिरलेल्या असतात म्हणजे? झाडावरच तशा येतात?"

"नाही नाही," काका शांतपणे म्हणाले. "ते आधीच झालेलं असतं."

हॉल असा हसला की मांडीवरची पोरं दचकून उठली. एक बाई तर पर्समध्ये तोंड खुपसून हसत होती. काकांना वाटलं, व्याख्यान झकास झालं. त्यांनी हात जोडले. मी मागे वळून पाहिलं. काकू हसत नव्हत्या. त्या रिकाम्या वाट्या एकात एक घालत होत्या, सावकाश, आवाज न करता.

घरी परतताना त्या जिन्यात एकदम थांबल्या आणि मला म्हणाल्या, "दोनदा प्रमोशन नाकारलं गं मी. घरचं कोण बघणार म्हणून." आणि पुढे चढू लागल्या.

तिसऱ्यांदा विचारणा झाली ती त्यानंतर काही दिवसांनीच. त्यांनी जेवताना सांगितलं. "मी हो म्हणून आलेय. ट्रेनिंग हैदराबादला आहे. महिनाभर."

काकांचा घास हातातच राहिला. "महिनाभर? आणि इथलं?"

"इथलं काय? भांडं आहे की." काकूंनी ताकाची वाटी पुढे सरकवली. "बाकी आधीच झालेलं असतं."

मी पाणी प्यायला लागले, कारण दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

जायच्या दिवशी दारात उभं राहून त्या सांगत होत्या, "हे बघा, कडधान्याला आधी—"

"सगळं माहीत आहे मला," काका म्हणाले. "गाडी येऊन उभी आहे. तू नीघ."

काकांच्या तोंडून मी ऐकलेली घाईची ही पहिली सूचना.

दुसऱ्या दिवशी काका फिरून आले, हात धुतले आणि ओट्याकडे गेले. ओट्यावर काहीच नव्हतं. वाट्या उपड्या होत्या. ते थोडा वेळ उभे राहिले. मग फ्रिज उघडून त्याच्याकडेही तसंच बघितलं. त्या संध्याकाळी आम्ही दुधी जेवलो. सालासकट, मोठमोठ्या फोडी, एकीला देठसुद्धा होतं. त्यानंतर भेंडीची पाळी आली. दिवसभर मंद आचेवर राहून भेंडीचं जे काही झालं होतं त्याने पाकिटं चिकटवता आली असती. कांदे कोण चिरणार म्हणून ते अख्खे पडत. लसूण सोलण्यावर त्यांनी एक पूर्ण दुपार घालवली आणि चार पाकळ्या मिळवल्या.

"प्रक्रिया समजून घेण्यात येत आहे," ते मला म्हणाले. मी ऑफिसच्या कँटीनमध्येच दोन वेळचं उरकू लागले.

एका बुधवारी मी घरूनच काम करत होते. काकांनी ठरवलं, आज राजमा. तो मात्र त्यांनी आठवणीने रात्री भिजवला होता आणि त्याबद्दल मला दोनदा सांगितलंही होतं. पहाटेच तो मंदाग्नीत गेला. दुपारी उशिरा त्यांनी आनंदाने ताटं वाढली. वास बरा येत होता. मला कॉलवर कॉल होते, मी काही न विचारता जेवायला बसले.

"जरा दाताला लागतोय, काका."

"चावून खाण्याचं अन्न आहे ते. तुमच्या पिढीला गिळायची सवय."

संध्याकाळ व्हायच्या आत माझ्या पोटात कळ आली. मी बाथरूमकडे धावले तर दार बंद होतं आणि आतून काकांचे भयंकर आवाज येत होते. त्या घरात संडास एकच. पुढचा तासभर आम्ही दोघं आळीपाळीने त्या दाराकडे धावत होतो. आणि खरं सांगते, ओकत असतानाही माझ्या मनात आलं की काका चांगलेच पळू शकतात.

शेवटी एकमेकांना धरून आम्ही तळमजल्यावर उतरलो. डॉक्टर मॅडमनी मला इंजेक्शन देऊन बाकावर आडवं केलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता, नाडी हाताला लागत नव्हती असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि घाईने सलाईन लावलं. वयस्कर माणूस, अंगातलं पाणी गेलेलं. मी तिथे पडल्या पडल्या देवाचं नाव घेत होते, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

हळूहळू काकांच्या ओठांना रंग आला. तेव्हा मॅडम स्टूल ओढून बसल्या. "आता सांगा. काय खाल्लंत?"

"राजमा."

"कच्चा?"

"छे! पहाटेपासून शिजत होता. मंद आचेवर."

"आणि त्याआधी उकळला होता?"

"आधी?" काका म्हणाले.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, राजम्यात मुळातच एक विषारी गोष्ट असते. भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळला की ती जाते. नुसत्या मंद आचेवर जात नाही, उलट वाढते म्हणतात. तुमच्या त्या पुस्तकात लिहिलं असेल."

"पण आमच्याकडे दर बुधवारी राजमा होतो. आजवर कधी काही झालं नाही."

आता मात्र मला राहवलं नाही. "काका, काकू दर वेळी तो आधी शिजवून घ्यायच्या. कुकरमध्ये. तुम्ही फिरायला गेलात की."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कुकर माळ्यावर आहे."

"परातीमागे आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यांनी छताकडे बघितलं. सलाईनचे थेंब पडत होते. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं. मला वाटलं ते रागावणार, नाहीतर काहीतरी सुभाषित काढणार. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. काकूंचा होता. मॅडमनी तो काढून त्यांच्या कानाला लावला आणि स्पीकर चुकून चालू झाला.

"जेवलात का?" काकू विचारत होत्या. "आवाज का असा येतोय? बरं नाही का? मी येऊ का? इथे सांगून उद्या निघता येईल. परीक्षा राहील, पण ती काय..."

मॅडमनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. काकू आल्या असत्या. एका शब्दात आल्या असत्या, आणि प्रमोशन गेलं असतं, तिसऱ्यांदा.

"काही झालेलं नाही," काका म्हणाले. आवाज जमेल तितका खणखणीत केला होता. "राजमा केला होता. उत्तम झाला. तू परीक्षा देऊन ये. इकडचं सगळं..."

ते थांबले. 'होत आहे' म्हणणार, हे मला दिसत होतं. तोंडाची सवय.

"सगळं मी करतोय," ते म्हणाले.

मग काकू म्हणाल्या, "बरं." फोन ठेवल्यावर डॉक्टर मॅडम उठून उगीचच औषधांचं कपाट लावायला लागल्या.

अंगात ताकद आल्यावर काकांनी परातीमागचा कुकर बाहेर काढला. पहिल्या दिवशी तो गॅसवर चढवून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले, कान दाबून. मी आत उभी राहून शिट्ट्या मोजल्या. दुसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. आठवड्याअखेर ओट्यापाशी उभे राहून, एक डोळा मिटून का होईना, त्यांनी गॅस स्वतः बंद केला. चिरणं मात्र त्यांच्या मूळ स्वभावानुसार चाले. गाजराचे तुकडे एकसारखे व्हावेत म्हणून ते चष्मा लावून बसत. पहाटेचं फिरणं बंद झालं. बागेतल्या मंडळींचे फोन येत तेव्हा ते सांगत, "वेळ नाही हो. सकाळी फार घाई असते."

त्याच महिन्यात सोसायटीची सर्वसाधारण सभा होती. पार्किंगवरून नेहमीची हमरीतुमरी झाली, चहा आला, लोक उठू लागले. तेवढ्यात काका उभे राहिले.

"मला एक शुद्धिपत्रक द्यायचं आहे."

लोक कंटाळून परत बसले.

"महिला दिनाच्या माझ्या व्याख्यानात," काका म्हणाले, "भाज्या चिरलेल्या असतात, लसूण सोललेली असते, अशी काही वाक्यं होती. त्या वाक्यांत कर्ता राहून गेला होता." त्यांनी घसा साफ केला. "तो माझ्या घरी राहतो. म्हणजे राहते. सध्या हैदराबादला आहे. बाकी भगिनींच्या घरी कोण आहे ते त्यांनी आपापलं बघून घ्यावं."

कोणी हसलं नाही. निदान पुरुष हसले नाहीत. ते चहाच्या कपात काहीतरी शोधत होते. डॉक्टर मॅडमनी मागून टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग बायकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

काकू परत आल्या त्या दिवशी मंगळवार होता. पास झाल्या होत्या, ते त्यांनी फोनवर आधीच सांगितलं होतं. सभेतलं शुद्धिपत्रक त्यांना जिन्यातच कोणीतरी सांगितलं असावं, कारण घरात शिरताना त्या काकांकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होत्या. बॅग तशीच ठेवून त्या सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या.

"बस," काका म्हणाले. "ताट वाढलंय."

दुधी घालून चणाडाळ, भात, काकडीची कोशिंबीर. दुधीच्या फोडी सालं काढलेल्या, एकसारख्या, जणू पट्टी लावून कापल्यात. काकू हात धुऊन बसल्या. काका समोर बसले, पण जेवत नव्हते. मीही चमचा हातात धरून थांबले होते.

काकूंनी पहिला घास घेतला. चावला. गिळला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मिठाच्या तोट्यांवर काकांचं एक छोटं भाषण तयार असायचं, ते मला पाठ होतं. मी त्याची वाट बघत होते. पण काका खुर्ची मागे सारून उठले आणि आत गेले. कुठे आहे गं, असं ओरडून विचारलं नाही. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ते मिठाची वाटी घेऊन परत आले आणि काकूंच्या ताटाशेजारी ठेवून उभे राहिले.

काकूंनी चिमूटभर मीठ घेतलं, भात पुन्हा कालवला, एक घास खाल्ला. मग रिकामी वाटी वर न बघताच त्यांच्यापुढे धरली.

"अजून थोडी डाळ वाढा."